रिकाम्या बंड्या

"लटारू, किती झाल्या?"

"सकाळपासून एक कुत्रं गेलं बाई. त्याचा रकाना आहे का तुमच्या कागदात?"

मी त्याच्या हातातून वही हिसकावूनच घेतली. मंगळवारचं पान कोरं होतं. सोमवारचंही कोरं. रविवारी दोन सायकली गेल्या होत्या, त्यातली एक पोस्टमनची.

ही गोष्ट एकोणनव्वदच्या जानेवारीतली. मी शैला थोरवत, कृष्णाकाठची, सांगलीकडची. वय चोवीस. बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून लागून सात महिने झालेले आणि पहिलीच नेमणूक गडचिरोलीत. ऑर्डर आली त्या दिवशी आई जेवली नाही. माझे चुलते, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो, ते मात्र शांत होते. "जाऊन ये. दोन वर्षं काढ, मग बघू कुणाला सांगायचं ते," म्हणाले. आमच्याकडे कुणाला ना कुणाला सांगता येतंच.

तर खडकी नदी. नदीच्या अलीकडे डांबरी रस्ता, बाजाराचं गाव, हायस्कूल, दवाखाना. पलीकडे मुरमटोला आणि त्याच्या मागे जंगलात आणखी दहा गावं. मध्ये पूल नाही. उन्हाळ्या-हिवाळ्यात गुडघाभर पाण्यातून, दगडगोट्यांवरून बैलगाड्या घालायच्या आणि जूनपासून ऑक्टोबरपर्यंत हात जोडून बसायचं. पुलाचा प्रस्ताव किती वर्षं फिरत होता कुणास ठाऊक. आता तो वर जायचा तर त्याला वाहतूक गणना जोडायला हवी होती. म्हणजे सात दिवस घाटावर, गाड्या नदीत उतरतात तिथे, टेबल टाकून बसायचं, जाणारी-येणारी वाहनं मोजायची, वहीत रेघा ओढायच्या. ट्रकचे इतके, ट्रॅक्टरचे इतके, बैलगाडीचे सहा, सायकलचा अर्धा, असे गुण ठरलेले. दिवसा मी आणि लटारू, रात्री दुसरे दोन मैलमजूर. लटारू हा रस्त्यावर खडी-मुरूम टाकणारा आमच्या खात्याचा जुना माणूस. तालुक्याच्या गावचा, जिभेला हाड नसलेला.

निघताना आमचे उपअभियंता मुळावकर साहेब मला म्हणाले होते, "थोरवत मॅडम, दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, गणना कशासाठी आहे ते लोकांना सांगायचं नाही. नियम आहे. सांगितलं की आकडे फुगतात. दुसरी, दिवसाला पंचवीस बैलगाड्या तरी दिसल्या पाहिजेत. नाहीतर फाइल पाच वर्षं बंद. मार्च संपला की पैसा थांबत नाही, दुसऱ्या जिल्ह्यात जातो."

पंचवीस! अकरा गावं आहेत, पंचवीस म्हणजे काय मोठं, असं मला वाटलं होतं.

शनिवारी संध्याकाळी मुरमटोल्याच्या शाळेपुढे मी लोकांना जमवलं आणि छाती पुढे काढून भाषण ठोकलं. "उद्यापासून सात दिवस घाटावर सरकारी काम आहे. फार महत्त्वाचं आहे. सर्वांनी सहकार्य करावं. कामात कुणीही अडथळा आणू नये." ही वाक्यं आम्ही सगळीकडे म्हणतो. आमच्याकडे ती कुणी ऐकत नाही. इथे मात्र सगळे जिथल्या तिथे चूप बसून ऐकत होते. गावचे पाटील लालसू नैताम उठले, हात जोडले. "कायी चिंता करू नका जी," म्हणाले. मी खूश झाले. घाटावर मोहाच्या झाडाखाली टेबल लावलं, चार बांबूंना लाल फडकी बांधली, मस्त थाट केला.

आणि तीन दिवसांत त्या थाटापुढून दोन सायकली आणि एक कुत्रं गेलं.

बायका जायच्या तेवढ्या. डोक्यावर धानाचं पोतं, सुक्या मोहाच्या टोपल्या, लाकडाचे भारे. टेबलापाशी आल्या की चपला हातात घ्यायच्या, मान खाली घालायच्या आणि फडक्यांच्या बाजूने, खालच्या अंगाने, जास्त पाण्यातून जायच्या. मी हाक मारली की आणखी घाईने जायच्या. मंगळवारी दुपारपर्यंत मी त्या मोजल्या. एकसष्ट. पण पायी माणसाला आमच्या कागदात रकानाच नव्हता. मग मी वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर उगाचच एकसष्ट रेघा ओढल्या.

"काय लिहून राहिल्या?" लटारूने डोकावलं.

"बायका."

"बायकांचे किती गुण?"

"गप बस."

माझी राहण्याची सोय उसेंडी गुरुजींच्या घरी होती. चौथीपर्यंतच्या शाळेचे ते एकटे शिक्षक. त्याच गावचे, त्या अकरा गावांतले पहिले मॅट्रिक. पन्नाशी ओलांडलेली, अंगात कायम एकच उसवलेला स्वेटर. पुलासाठी ते अकरा वर्षं अर्ज लिहीत होते. त्यांची नात सोमारी दुसरीत होती. आईबाप दुसऱ्या गावी कामाला, म्हणून ती आजोबांकडे. दुपारी माझा डबा तीच आणायची. भात आणि लाखोरीची डाळ.

त्या मंगळवारी डबा ठेवून ती टेबलाला टेकून उभी राहिली. वहीकडे टकामका बघत म्हणाली, "बाई, मी इथून गेली तर मले लिहिता का?"

"पायी माणसाचा रकाना नाही गं."

"मंग कोनाचा आहे?"

मला सांगता येईना. नियम. मग मी विषय बदलला. म्हटलं, "आमच्या वाडीजवळ पण नदी आहे. मी तुझ्याएवढी होते ना, तेव्हा तिथे पण असंच टेबल लावून एक साहेब बसले होते. लिंबाच्या झाडाखाली. आम्ही पोरं दिवसभर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून त्यांच्यासमोरून जायचो आणि यायचो. जत्रेसारखी मजा! त्यांनी मला पेपरमिंटची गोळी दिली होती. तेव्हाच ठरवलं, आपण पण असं टेबल लावून बसायचं."

"मंग पूल झाला?"

"झाला तर."

सोमारी नदीकडे बघत बसली. मला त्या गोळीची चव आठवली, आणि डाळभात काही गेला नाही.

संध्याकाळी गुरुजींनी रोजच्यासारखं विचारलं, "काम बरोबर चाललं ना जी?"

"चाललंय," मी म्हटलं. तीन दिवस खोटंच सांगत होते. वही मी पिशवीच्या तळाशी ठेवत होते, न जाणो त्यांनी मागितली तर.

ते आपल्या पत्र्याच्या पेटीतून एक जाड वही घेऊन आले. शाळेचं हजेरीपत्रक असेल असं मला वाटलं. त्यात नुसती नावं होती. "हे बघा," ते म्हणाले, "अकरा वर्षांत माझ्या हातून एकशे चौदा पोरं चौथी पास झाली. पाचवी नदीपल्याड. जूनमध्ये नाव घालतो, जुलैत पाणी चढते. ऑक्टोबरपर्यंत गैरहजर. मग तिकडचे मास्तर नाव कापतात, त्यांची चूक नाही. एकशे चौदांतल्या किती जणांनी पाचवीची सहामाही दिली असंल?"

"किती?"

"नऊ. सोमारी आता दुसरीत आहे. पूल मंजूर झाला तर दोन वर्षांत होते, असं मुळावकर साहेब बोलले होते. म्हणजे तिची चौथी आणि पूल एकाच वेळी होईल, का नाही?" त्यांनी बोटांवर पुन्हा मोजून पाहिलं. "हो, बरोबर होते."

मी वहीची पिशवी पायाने आणखी मागे सरकवली.

बुधवार गेला. एक सायकल. लटारू आता उघड झोपा काढत होता. मला एकेक शंका छळायला लागली. इथे बैलगाड्याच नसतील का? पण गोठ्यांपुढे मी त्या पाहिल्या होत्या. तिकडे बैलगाडीला बंडी म्हणतात. दारोदार बंड्या उभ्या होत्या. मग लोक बाहेर पडत नसतील का? की मी बाईमाणूस बसले म्हणून काही अपशकुन? मी गुरुजींना आडून विचारलं, "गुरुजी, गावाचं जाणं-येणं कधी असतं?"

"उद्या बघा ना जी. गुरुवार, बाजार. धान घेऊन सगळ्या गावांच्या बंड्या निघतात. पन्नास तरी निघतील."

पन्नास! मी देवाचं नाव घेतलं. गुरुवारी सकाळी सहालाच टेबलापाशी जाऊन बसले. लटारूला चहा पाजून जागं ठेवलं. दोन पेन्सिली टोक करून ठेवल्या. सात वाजले. आठ. बायका टोपल्या घेऊन खालच्या अंगाने गेल्या. नऊ. दहा.

एकही बंडी आली नाही.

"बाजार बंद आहे का काय?" मी लटारूला विचारलं.

"बाजार बंद व्हाले का झालं बाई? बायका कुठं गेल्या मंग?"

खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं की हे अख्खं गाव मला फसवतंय. कुणीतरी ठरवून आपल्याला तोंडघशी पाडतंय. मुळावकर साहेब शनिवारी येणार. त्यांना हे पान दाखवायचं? आणि गुरुजींना?

दुपारी कधीतरी वारा पडला आणि मला घुंगरं ऐकू आली. लांबून, नदीच्या वरच्या अंगाने. आधी वाटलं कानांचा भास. मग लटारूनेही मान वर केली.

"ऐकलंस?"

"बंड्याच त वाजून राहिल्या."

मी साडी खोचली आणि काठाकाठाने निघाले. लटारू मागून ओरडत होता, "बाई, जंगल आहे, एकट्या कुठं जाता!" चालता चालता शेणाचे पो दिसायला लागले. ताजे. मग चाकोरी दिसली, दगड फुटलेले, झुडपं मोडलेली. अर्धा तास चालले असेन. नदी वळते तिथे मोठे काळे खडक होते आणि त्या खडकांतून बैलांना ओढत, शेपट्या पिळत, ओरडत माणसं बंड्या पार करत होती. एकामागे एक. बाजारातून परतत होत्या. मी उभ्या उभ्या मोजल्या. एकतीस. त्यानंतर आणखी येतच होत्या.

लालसू पाटील पाण्यात उभे होते. त्यांची बंडी खडकात अडकली होती आणि एक बैल पाय उचलून धरत होता. गुडघ्याखाली सोलून निघालं होतं, रक्त पाण्यात जात होतं. मला बघून ते गडबडले. ओल्या हातांनी त्यांनी मला रामराम घातला.

"पाटील, हे काय? इकडून का?"

"तुमचं काम चालू आहे ना जी घाटावर."

"मग?"

"तुमीच त सांगतल्या ना, अडथळा आणू नका मनून. मी अकराही गावाले निरोप देल्लो. सात दिवस कोनी घाटावर बंडी घालाची नाही. सायेब लोकायचं काम होऊ द्या." ते बैलाच्या पायाकडे बघत म्हणाले. "हा रस्ता खराब आहे, पन सात दिवसाची त गोष्ट आहे. पुलासाठीच मोजून राहिल्या ना तुमी नदी? आमाले समजते."

मी तिथेच एका खडकावर बसले. मागे आणखी बंड्या थांबल्या होत्या. माणसं उतरून येत होती, माझ्या भोवती गोळा होत होती. सगळ्यांच्या चेहऱ्यांवर भीती. काहीतरी चुकलं हे त्यांना कळलं होतं, काय ते कळत नव्हतं. एक जण पाटलांना हळूच म्हणाला, "नाकेदार लिहिते तसं बाईनं लिवून नेलं का?" जंगलखात्याचा नाकेदार घाटावर वही घेऊन बसला की त्या वहीत नाव गेलेली बंडी जप्त होते, नाहीतर दंड पडतो, हे त्यांना माहीत होतं. वही दिसली की वाट सोडायची, ही त्यांची जुनी सवय. त्यात माझं भाषण.

मी म्हटलं, "पाटील, मी नदी नव्हते मोजत. मी बंड्या मोजत होते. किती बंड्या जातात त्यावर पूल मिळणार आहे." नियम गेला खड्ड्यात. "पाच दिवसांत एकही बंडी लागली नाही वहीत."

पाटलांनी बैलाच्या पाठीवर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मला माझाच संताप आला होता.

संध्याकाळी गुरुजींच्या अंगणात पाटील आणि पाच-सहा जण आले. गुरुजींचा चेहरा उतरला होता. ते दिवसभर शाळेत असत, त्यांनाही वाटलं होतं मी पाण्याची खोली आणि रुंदी मोजते आहे, म्हणून पाटलांच्या निरोपाचं ते मला बोललेच नव्हते. मग गुरुजींनी घसा साफ केला.

"मॅडमजी, दोन दिवस आहेत ना अजून? शुक्रवार, शनिवार?"

"आहेत. पण बाजार झाला. आता कुणाला काय काम असणार?"

"काम नसलं तरी बंड्या आहेत. चाळीस-पन्नास बंड्या दिवसभर अल्याडपल्याड करतील. पाटलाने हाक दिली की येतील." ते थोडे पुढे सरकले. "रिकाम्या चालतील का जी?"

सोमारी उंबऱ्यात बसून माझ्याकडे बघत होती. सगळेच बघत होते.

आणि मी म्हणाले, "नाही गुरुजी. ते खोटं होईल. जिला काम आहे तीच बंडी मोजायची. मी सरकारी नोकर आहे, माझ्या हातून खोटं होणार नाही."

त्यांनी वाद घातला नाही. हीच तर गोष्ट आहे, कुणीही वाद घातला नाही. आमच्याकडे एवढ्या वेळात दहा जणांनी मला वेड्यात काढलं असतं. पाटलांनी मान डोलावली. "बराबर आहे जी. खोटं कायले कराचं," म्हणाले, आणि सगळे उठून गेले.

शुक्रवारी चार बंड्या आल्या. शनिवारी सहा. त्या टेबलासमोर येऊन थांबायच्या, मी रेघ ओढलेली बघायच्या आणि मग पुढे जायच्या.

शनिवारी दुपारी मुळावकर साहेबांची जीप पलीकडच्या काठावर येऊन थांबली. ते काही पाण्यात उतरले नाहीत. त्यांनी हात केला, मी वही छातीशी धरून पाण्यातून त्यांच्याकडे गेले. त्यांनी जीपच्या बॉनेटवर वही ठेवून पानं उलटली. मी सगळं सांगितलं. माझं भाषण, वरचा घाट, एकतीस बंड्या, लंगडा बैल.

माणूस वाईट नव्हता. चष्मा काढून पुसला. "मागे हे काय आहे?"

"बायका. मंगळवारपासूनच्या. चारशे अठरा."

"पायी माणसाला रकाना नाही हो." मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मॅडम, अजून माझी सही झालेली नाही. बाजाराच्या दिवशी एवढं कोरं पान बरं दिसत नाही. तुम्ही डोळ्यांनी एकतीस बघितल्यात ना?"

"पण वरच्या घाटावर, सर. इथे नाही."

"पेन तुमच्याकडे आहे. मी सिगारेट ओढून येतो."

ते झाडामागे गेले. मी वहीसमोर उभी होते. पलीकडे मोहाखाली गुरुजी उभे होते, सोमारीचा हात धरून. एवढ्या लांबून त्यांचा चेहरा दिसत नव्हता. मी पेनचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. साहेब आले तेव्हा पान कोरंच होतं.

"मी इथे जे पाहिलं तेच लिहिलंय, सर."

"ठीक आहे. मग खाली शेरा लिहा, काय घडलं त्याचा." त्यांनी सही केली.

मी दीड पान शेरा लिहिला. त्या रात्री मला शांत झोप लागली. आपण खरेपणाने वागलो याचा मला अभिमान वाटला होता, हे आता सांगायला लाज वाटते.

एप्रिलमध्ये फाइल परत आली. "वाहतूक अत्यल्प. प्रस्ताव निकाली." शेऱ्याबद्दल एक अक्षर नव्हतं. ते गुरुजींना सांगायला मीच गेले. ते म्हणाले, "तुम्ही तुमचं काम केलं जी," आणि मला चहा दिला.

मे महिन्यात मी रजेवर घरी गेले. एसटीतून उतरले तर आमच्या वाडीच्या फाट्यावर लिंबाखाली टेबल. टेबलावर वही, वहीपुढे आमच्याच खात्याचा एक पोरगेला इंजिनिअर. मला हसूच आलं. रस्ता दुपदरी करायचा प्रस्ताव होता. तेवढ्यात आबांचा ट्रॅक्टर धडधडत समोरून गेला. मागे दोन ट्रॉल्या, दोन्ही रिकाम्या. पाच मिनिटांत दुसरा ट्रॅक्टर, सरपंचांचा. मग तिसरा. मग पुन्हा आबांचा, आता उलट दिशेने.

"आबा!" मी रस्त्यातच त्यांना अडवलं. "हे काय चालवलंय? रिकामे ट्रॅक्टर फिरवताय?"

"मग काय उसाचा हंगाम उघडेपर्यंत गणना थांबते व्हय?" आबा स्टिअरिंगवरूनच हसले. "कारखान्याकडनं निरोप आला, आठ दिवस सगळ्यांनी फेऱ्या मारायच्या. डिझेल कारखान्याचं."

"अहो पण हे खोटं आहे!"

"आता बघा! साहेबीण झाली बघा आमची!" ते खो खो हसायला लागले. "अगं, नदीवरचा पूल कसा झाला मग? विसरलीस व्हय? चार दिवस ट्रॉलीत बसून हुंदडत होतीस की. उतर म्हटलं तर उतरत नव्हतीस. त्या साहेबानं गोळी दिली ती चोखत माझ्या मांडीवर झोपलीस."

ते पुढे निघून गेले. मी बॅग घेऊन तिथेच उभी होते. त्या वर्षी मी दुसरीत होते. पूल झाला तेव्हा माझी चौथी संपली होती. जूनमध्ये मी दप्तर घेऊन त्या पुलावरून पाचवीला गेले, मग दहावीला, मग कॉलेजला, आणि तशीच थेट इंजिनिअर होऊन गडचिरोलीला. माझ्या पायाखालचा तो पूल रिकाम्या ट्रॉल्यांवर मंजूर झाला होता आणि त्या ट्रॉल्यांत मी स्वतः बसले होते. आणि मी गुरुजींना सांगून आले होते, माझ्या हातून खोटं होणार नाही म्हणून.

बदलीसाठी आबांनी कुणाला तरी सांगून ठेवलं होतं. मी नको म्हटलं. आईने पुन्हा जेवण टाकलं. मी परत गेले.

पाच वर्षं थांबावं लागलं. चौऱ्याण्णवच्या जानेवारीत पुन्हा गणना लागली तेव्हा मी एक महिना आधी मुरमटोल्याला गेले. ह्या खेपेला भाषण केलं नाही. शाळेच्या ओसरीवर सगळ्यांबरोबर खाली बसले आणि टेबल कशाला, वही कशाला, रकाने कोणते, बंडीचे गुण किती, ते सगळं सांगितलं. निवृत्त झालेले उसेंडी गुरुजी कोपऱ्यात बसले होते. स्वेटर तोच. त्यांनी घसा साफ केला.

"रिकाम्या चालतील का जी?"

"चालतील गुरुजी."

लालसू पाटील पुढे सरकून बसले. मग सावकाश म्हणाले, "पन मागच्या खेपेले तुमीच त बोलल्या होत्या. खोटं होईल मनून."

"होईल पाटील. त्याचं मी बघते."

सात दिवस घाटावर बंड्या फिरत होत्या. सकाळी अल्याड, दुपारी पल्याड, पुन्हा अल्याड. घुंगरांचा नुसता गजर. मी मात्र सारखी मागे वळून रस्त्याकडे बघत होते. कुणी वरिष्ठ अचानक आला तर, कुणी तक्रार केली तर. लटारू आता म्हातारा झाला होता, तो एकटा मजेत होता. "बाई, ह्या बैलांचे चेहरे ओळखीचे वाटतात," म्हणायचा.

चौथ्या दिवशी एक बंडी टेबलासमोर थांबली. हाकणारी बारा-तेरा वर्षांची मुलगी होती. ओढणी कमरेला बांधलेली, हातात तुतारी, म्हणजे बैल हाकायची काठी. मी ओळखलं नाही. मग ओळखलं. सोमारी. नदीपल्याड पाचवीत तिचं नाव घातलं होतं आणि सप्टेंबरमध्ये कापलं होतं, हे गुरुजींनी मला पत्रात कळवलं होतं. त्यानंतर त्यांनी पत्र लिहिलं नव्हतं.

बंडी रिकामी होती. तिने मान पुढे काढून वहीत डोकावलं.

"बाई, आता मले मोजलं?"

"मोजलं."

"किती?"

"सहा."

तिने ते मनात कुठेतरी ठेवल्यासारखं केलं. मग बैलांना टिचकी दिली. "पायी जानाऱ्या बायकायले अजून रकाना नाही ना?"

"नाही."

"मंग अजून एक चक्कर मारतो," म्हणाली, आणि बंडी पाण्यात घातली.

पूल सत्त्याण्णव साली झाला. गणनेच्या त्या चौथ्या दिवशी मी वहीत सोमारीच्या नऊ फेऱ्या लिहिल्या होत्या. त्यातली प्रत्येक रेघ खोटी होती, आणि नोकरीच्या चौतीस वर्षांत मी एवढ्या जपून दुसऱ्या रेघा ओढल्या नाहीत.